सीमेवरचं रोप

माझ्यापुढे आलेलं पहिलं काम म्हणजे एक वडगाव. आरोग्य विभागाच्या यादीत ते 'वडगाव बुद्रुक' होतं, शिक्षण विभागाकडे 'वडगांव बु.', पाणीपुरवठ्याच्या तक्त्यात 'वडगाव बु॥' आणि अंगणवाड्यांच्या शीटमध्ये नुसतं 'वडगाव 1'. शेजारच्या तालुक्यात आणखी दोन वडगावं होती, त्यांचीही हीच तऱ्हा. संगणकाच्या लेखी ही सगळी निरनिराळी गावं. मला ती एका ओळीत आणायची होती. एकदा ती ओळ जुळली की त्या गावातली मुलं, तिथला नळ, शाळा आणि उपकेंद्र शेजारी शेजारी दिसणार होतं. पाणी गढूळ येतं त्या महिन्यात वजनं घटतात का, एवढा साधा प्रश्न विचारण्यासाठी आधी गावाचं नाव एक व्हावं लागतं.

जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागात मी प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाले ती मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून. ही योजना 2024 साली आली. बारावी झालेल्याला महिन्याला 6,000 रुपये, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला 8,000 आणि पदवीधराला 10,000. मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती अकरा महिन्यांची झाली. मी संख्याशास्त्राची पदवीधर. कॉलेजात आम्हाला आकडे तयार मिळत. पुस्तकाच्या मागे तक्ता असे, त्याची सरासरी काढायची, प्रमाण विचलन काढायचं, पुढचं गणित घ्यायचं. तो तक्ता कुणी भरला, कुठे बसून भरला, भरताना त्याच्या मनात काय चाललं होतं, हे कुणी विचारत नसे. इथे आल्यावर कळलं की सगळं काम त्या न विचारलेल्या प्रश्नातच आहे.

आमच्या विभागाची खोली लांबट आहे. एका भिंतीला गोदरेजची कपाटं, त्यांवर लाल कापडात बांधलेले जुने बस्ते. खिडकीतून कडुनिंब दिसतो. सकाळी अकराच्या सुमारास फोन सुरू होतात, कारण कुठल्या तरी पोर्टलवर कुठली तरी माहिती आज पाच वाजेपर्यंत भरायची असते. बालविकास प्रकल्प कार्यालयांचा व्हॉट्सअॅप ग्रुप दिवसभर वाजत राहतो. या गडबडीत मला शांतपणे शिकवणारे एक विस्तार अधिकारी भेटले, सांख्यिकीचे. निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. मी पहिल्यांदा पिव्होट टेबल करून त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा त्यांनी बेरजेकडे पाहिलंच नाही. म्हणाले, "हा आकडा कुणी लिहिला, ते आधी सांग बरं."

वडगावांचा गुंता कोडने सुटला. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने देशातल्या प्रत्येक पंचायतीला, प्रत्येक गावाला एक क्रमांक दिलेला आहे. तो क्रमांक सगळ्या विभागांनी लावला तर बुद्रुक आणि बु॥ यांचं भांडण मिटतं. मी तो लावत गेले. जुन्या फाइली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या, उघडल्या की पडद्यावर अक्षरांचा नुसता खच पडायचा. कुठे अनुस्वार जास्त, कुठे शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा. हे काम कंटाळवाणं असल्याचं लोक सांगतात. मला त्यात खरा आनंद झाला. एकेक गाव आपल्या जागी बसत होतं. पिंपळगावं सुटी झाली, वाकीच्या पुढचं खुर्द ओळखू आलं.

पण ते करतानाच ध्यानात आलं की कोड असतो महसुली गावाला, आणि मुलं असतात वाडीवर, पाड्यावर, तांड्यावर. एका महसुली गावात चार वाड्या असल्या, त्यातली एक ओढ्यापलीकडे असली, तर कोड चौघींना एकच. गावठाणातल्या मुलांची वजनं बरी असतात, ओढ्यापलीकडच्यांची नसतात, आणि सरासरी त्या दोघांवर एकच पांघरूण घालते. अंगणवाडीचा स्वतःचा क्रमांक असतो म्हणून आमच्या विभागात हे निदान दिसू शकतं. बाकीच्या कितीतरी तक्त्यांत ती वाडी नाहीच. मी आमच्या शीटमध्ये वाडीच्या नावाचा एक रकाना वाढवला. आजवर केलेल्या कामांतलं सगळ्यात उपयोगी काम मी त्यालाच म्हणेन.

तशीच गोष्ट रिकाम्या रकान्याची. एखाद्या अंगणवाडीपुढे 'तीव्र कुपोषित बालके' या मथळ्याखाली काहीच लिहिलेलं नसतं. म्हणजे तिथे एकही तसं मूल नाही, की त्या महिन्यात वजनंच झाली नाहीत? कार्यालयाला 'निरंक' अहवालाची इतकी सवय असते की दोन्ही रकाने बेरजेत शून्य होऊन जातात. पहिल्यात समाधान आहे. दुसऱ्यात कदाचित एक मूल आहे ज्याला कुणी तराजूत बसवलंच नाही. मी दोन्ही वेगळे ठेवायचा हट्ट धरला, आणि विस्तार अधिकारी सरांनी तो मान्य केला. त्या महिन्याच्या अहवालात 'वजन झाले नाही' अशी नवी ओळ गेली. ती ओळ वाचून दोन प्रकल्प कार्यालयांनी फोन करून कारणं सांगितली: कुठे सेविकेचं पद रिक्त, कुठे सेविका प्रशिक्षणाला गेलेली. कारण कळलं म्हणजे इलाज करता येतो.

एका दुपारी, वीज नसल्यामुळे लॅपटॉपच्या बॅटरीवर, मी सगळ्या वजनांचा आलेख काढला. इतक्या मुलांची वजनं मांडली की एक गुळगुळीत टेकडी दिसायला हवी, मध्ये उंच आणि दोन्हीकडे उतरती. मला दिसले उंच उंच खांब. आठ किलो, साडेआठ, नऊ, साडेनऊ, दहा. त्यांच्या मधली वजनं विरळ, जणू आमच्या जिल्ह्यातली मुलं अर्ध्या अर्ध्या किलोच्या पायऱ्यांनीच वाढतात. संख्याशास्त्रात हे जुनं ओळखीचं लक्षण आहे. जनगणनेत वय विचारलं की लोक तीस, पस्तीस, चाळीस सांगतात, आणि शून्य-पाचवर येणारी गर्दी मोजण्याची सूत्रंही ठरलेली आहेत. पण ते पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपल्याच तालुक्यांच्या नावांखाली पाहणं वेगळं.

त्या आलेखावरून मला डॉ. पां. वा. सुखात्मे आठवले. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी 1911 साली जन्मलेले हे संख्याशास्त्रज्ञ पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. त्याआधी, 1940च्या दशकात, त्यांनी देशभरात पीक कापणी प्रयोगांची घडी बसवली. शेतात एक तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापून तोलायचं आणि त्यावरून तालुक्याचं उत्पन्न काढायचं. आजही गावपातळीवरचे महसूल, ग्रामपंचायत आणि कृषी कर्मचारी हे करतात, आणि पीक विम्याच्या हिशेबातही हे प्रयोग धरले जातात. तेव्हा वाद होता तुकड्याच्या आकाराचा. छोटा तुकडा आखला तर खर्च कमी, वेळ कमी. सुखात्म्यांनी मोजून दाखवलं की छोट्या तुकड्यांतून उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त निघतं. कारण आहे सीमेवरचं रोप. दोरी त्याच्या अंगावरून जाते. ते आत धरावं की बाहेर? कापणाऱ्याचा हात त्याला आत घेतो. तुकडा जितका लहान, तितकी त्यात सीमेवरच्या रोपांची संख्या भारी, आणि तितकं उत्पन्न फुगलेलं.

मला या शोधातलं मोठेपण असं वाटतं की त्यात कुणावर आरोप नाही. कापणारा खोटं बोलत नव्हता. हाताला एक कल असतो, एवढंच. सुखात्म्यांनी तो कल मोजला आणि आखणी बदलून त्याला आवर घातला. माणसाला दटावून ते झालं नसतं.

मग मी स्वतःला विचारलं, आमच्या आलेखातल्या खांबांमागे कुणाचा हात आहे आणि त्याचा कल कुठे आहे? ते कार्यालयात बसून कळण्यासारखं नव्हतं. पर्यवेक्षिका मॅडम वजनाच्या दिवशी एका डोंगराकडच्या अंगणवाडीला निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर गेले. एसटी फाट्यापर्यंत, पुढे चालत. भातं कापणीला आली होती.

अंगणवाडी एका खोलीची. दाराच्या चौकटीला लोखंडी हूक, त्याला घड्याळासारखा गोल काटा टांगलेला, खाली कापडाची झोळी. डिजिटल काटाही होता, पण त्याचे सेल संपलेले. सेविकाताई पन्नाशीच्या. मुलांना त्या नावाने ओळखत होत्याच, पण कुणाला झोळीची भीती वाटते आणि कोण आजीच्या कडेवरून उतरणार नाही, हेही त्यांना पाठ होतं. मदतनीस मावशी एकीकडे खिचडी ढवळत होत्या. पहिलं मूल झोळीत बसलं आणि पाय झाडू लागलं. काटा थरथरायला लागला. ताई त्याला चुचकारत होत्या, आई पुढून टाळ्या वाजवत होती, काटा नऊच्या जरा अलीकडे, जरा पलीकडे हलत होता. तबकडीवर शंभर ग्रॅमच्या रेघा बारीक आहेत, अर्ध्या किलोची रेघ जाड. हलणाऱ्या काट्याकडे पाहणारी नजर जाड रेघेला जाऊन टेकते. ताईंनी नऊ लिहिलं. मीही नऊच लिहिलं असतं. पायात चांदीचे वाळे होते, ते काढले तर पोर आणखी रडणार. बाहेर बायका रोजाला जायला खोळंबलेल्या. आमच्या पडद्यावरचे उंच खांब असे उभे राहिले होते, एका म्हाताऱ्या काट्याने आणि एका प्रेमळ घाईने.

तिथून मी शिकले की आलेखातल्या खांबांची उंची हा सेविकेच्या प्रामाणिकपणाचा मापदंड नाही. तो काट्याच्या अवस्थेचा मापदंड आहे. परत आल्यावर मी प्रकल्पवार एक तक्ता केला: कुठल्या प्रकल्पात किती वजनं पूर्ण किंवा अर्ध्या किलोवर येतात. जिथे प्रमाण फार, तिथे काटे आधी तपासायचे. सर म्हणाले, "हे बरं केलंस. यात कुणाची मान खाली जात नाही." पर्यवेक्षिका मॅडमनी ती यादी घेऊन सेलपासून सुरुवात केली. सगळे काटे अजून बदललेले नाहीत, पण त्या डोंगराकडच्या अंगणवाडीचा बदलला.

वजनापेक्षा नाजूक गोष्ट दंडघेराची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळतात. घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली असला तर लाल, तिथून 12.5पर्यंत पिवळा, पुढे हिरवा. लाल म्हणजे तीव्र कुपोषण. पट्टी जरा सैल धरली की घेर वाढतो, जरा आवळली की घटतो. 11.4 आणि 11.5 यांच्यात सेविकेच्या बोटाचा एक दाब आहे. इथेही सीमेवरचं रोप आहे. फक्त शेतात हात त्याला आत ओढत होता आणि इथे बाहेर ढकलण्याचं कारण पुष्कळदा हजर असतं. त्या कारणाचं नाव भीती.

आढावा बैठकीत पडद्यावर तक्ता लागतो. ज्या प्रकल्पाची तीव्र कुपोषित मुलं गेल्या महिन्यापेक्षा वाढली, त्याची ओळ लाल होते, आणि पहिला प्रश्न येतो, "तुमच्याकडे का वाढली?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा काळजीच असते. पण तो प्रश्न जिल्ह्यातून तालुक्यात, तालुक्यातून पर्यवेक्षिकेच्या बीटमध्ये आणि बीटमधून त्या एका खोलीपर्यंत उतरेस्तोवर त्याची नोटीस झालेली असते. ताईंना मी विचारलं होतं, लाल निघालं तर काय होतं? त्या म्हणाल्या, "मला विचारणा होते गं. पण पोराला बाल विकास केंद्रात घेता येतं, तिथे दिवसातनं चार-पाच वेळा आहार मिळतो. मी लाल असलं तर लालच लिहिते. विचारणा काय, होऊन जाते." त्यांच्यासारख्या कितीजणी असतील, आणि एकदोनदा बोलणी खाल्ल्यावर पट्टी जरा सैल धरणाऱ्या किती, हे कुठलाही डॅशबोर्ड सांगत नाही. पट्टी सैल धरली की अहवाल सुधारतो आणि त्या मुलाचा ग्राम बाल विकास केंद्रातला, गरज पडली तर तालुक्याच्या पोषण पुनर्वसन केंद्रातला प्रवेश हुकतो. आकड्याची किंमत अखेर त्या मुलाने मोजलेली असते.

आकड्यांआड मुलं हरवणं महाराष्ट्राला नवीन नाही. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचं त्यांचं काम 1999मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि जगाने त्यावरून धडा घेतला. त्या कामाच्या मुळाशी एक अत्यंत कडक नोंद होती: प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू, गावात जाऊन, पुन्हा तपासून. पुढे 2001मध्ये स्वयंसेवी संस्थांनी मिळून 'कोवळी पानगळ' हा अहवाल काढला. त्यांनी गावांत जाऊन मोजलेले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त होते. न नोंदलेल्या मृत्यूवर सरकार काही उपाय करू शकत नाही, हे त्या अहवालाने लोकांपुढे ठेवलं. तेव्हा राज्यभर चर्चा झाली. मी त्या साली जन्मलेली. तो अहवाल मी वाचला तो आमच्या विभागाच्या कपाटातून काढून, जेवणाच्या सुट्टीत, आणि त्या दिवशी माझा डबा तसाच राहिला.

आजही दोन आकडे समोरासमोर उभे आहेत. 2019 ते 2021मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 25.6 टक्के मुलं उंचीच्या मानाने कमी वजनाची आढळली, आणि 35.2 टक्के वयाच्या मानाने खुजी. अंगणवाड्यांच्या मासिक अहवालांतून येणारं उंचीच्या मानाने कमी वजनाचं प्रमाण या 25.6 टक्क्यांच्या खूप खाली असतं. सगळा फरक लपवाछपवीचा नाही, हे मी ठामपणे सांगते. सर्वेक्षण नमुन्याने होतं, अहवाल फक्त अंगणवाडीत आलेल्या मुलांचा असतो, मोजण्याची साधनं वेगळी, मोजणारे वेगळे. पण फरक एवढा मोठा असेल तर त्यात भीतीचाही वाटा असणार, आणि तो वाटा कमी करणं पूर्णपणे आपल्या हातात आहे. त्यासाठी नवं पोर्टल लागत नाही.

मोजदादीतून निसटण्याचे आणखी दोन रस्ते आहेत. एक रस्ता माहेरी होणाऱ्या पहिल्या बाळंतपणाचा. सासरच्या गावात गरोदर म्हणून नोंदलेली सून सातव्या महिन्यात माहेरी जाते, तिथे तिची नोंद कधी माहेरच्या आडनावाने होते, आणि बाळ सासरी परतेपर्यंत दोन याद्यांत दोन बायका, किंवा एकाही यादीत नाही. दुसरा रस्ता ऊसतोडीचा. दिवाळीनंतर गाड्या भरून कुटुंबं निघतात, पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर, आणि गावच्या अंगणवाडीत 'स्थलांतरित' असा शेरा पडतो. ज्या मुलाला आहाराची सगळ्यात जास्त गरज, ते नेमकं हिवाळ्यात आमच्या तक्त्याबाहेर जातं. त्यात एकूण लोकसंख्या म्हणून हाताशी 2011ची जनगणना, कारण 2021ची वेळेवर झालीच नाही. तिच्यावर अंदाज बांधून केलेल्या भागाकारात एखाद्या गावाचं लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर निघतं. असा आकडा आला की तो गाळून टाकू नये. त्याने आपण होऊन सांगितलेलं असतं की छेद चुकलाय.

स्थानिक शासनाच्या आकड्याचं मात्र एक भाग्य आहे. दिल्लीतल्या किंवा मुंबईतल्या तक्त्यावर शंका आली तर समिती नेमावी लागते. आमच्या तक्त्यावर शंका आली तर एसटी पकडून, फाट्यावर उतरून, चालत जाऊन बघता येतं. महाराष्ट्रात 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या त्या याच विश्वासावर, की कारभार माणसाच्या नजरेच्या टप्प्यात असावा. मोजणीही त्या टप्प्यात राहिली पाहिजे. म्हणून जिल्हा परिषदेत विश्लेषण शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला पहिल्याच महिन्यात एका वजनाच्या दिवशी अंगणवाडीत, एका लसीकरण सत्राला उपकेंद्रात आणि एका पीक कापणीला बांधावर पाठवावं, असं माझं मत आहे. एक्सेल नंतर येतं. अकरा महिन्यांत तेही येतं.

माझी मुदत आता संपत आली आहे. पुढे काय, ते ठरलेलं नाही. वाडीच्या नावाचा रकाना आणि 'वजन झाले नाही' ही ओळ कशी भरायची ते मी लिहून सरांच्या कपाटात ठेवलं आहे, माझ्यानंतर येणाऱ्यासाठी.

हे वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या गावच्या अंगणवाडीत वजनाचा दिवस कधी असतो ते विचारा आणि त्या दिवशी तिथे जा. पुढच्या ग्रामसभेत कुपोषित मुलांचा आकडा वाढलेला दिसला, तर सेविकाताईंना जाब विचारू नका. काटा चालू आहे का, त्याचे सेल कोण आणून देणार, आणि ग्राम बाल विकास केंद्र कधी सुरू होणार, हे ग्रामपंचायतीला विचारा.